बंद घराची ओ

३ एप्रिल

या घरात गवताला माझ्याआधी पाणी मिळतं, हे पहिलं लिहून ठेवते. उजाडायच्या आत मुलगा रबरी नळी घेऊन बाहेर, आणि मी स्वयंपाकघरात थंड शेगडीकडे बघत बसलेली. विचारलं तर म्हणतो, आई, ऊन चढल्यावर पाणी दिलं तर नुसती वाफ होते, मुळापर्यंत उतरत नाही. माझ्या मुळांची चौकशी कोणी केली नाही.

असो. आता नमस्कार-चमत्कार. ही वही सुनेनं दिली. दिवसभर तोंडानं बोलता ते यात लिहा म्हणाली, तुम्हालाही बरं वाटेल. ‘तुम्हालाही’ म्हणजे आधी कोणाला, ते मला कळलं. शाळा माझी चौथीपर्यंतच झाली, पण टोमणे मी शाळेबाहेर शिकले.

घर मात्र चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. मुलाला एका कंपनीकडून या गल्लीतल्या घरांची आणि हिरवळींची निगा राखायचं काम मिळालं, आणि कामाबरोबर राहायला हे घर. आधीच्या खोलीत पाय पसरला की दुसऱ्याच्या ताटात जायचा. इथे प्रत्येकाला भिंत आहे. पुढे व्हरांडा, त्यापुढे गवत, मागेही गवत. नातीला स्वतःचा पलंग मिळाला. तिला आम्ही टकळी म्हणतो, कारण तिची जीभ एकदा सुरू झाली की बंद करायची कळ देवानं बसवलेलीच नाही. सामान उतरता उतरता तिनं टेम्पोवाल्याच्या घरच्या सगळ्यांची खुशाली विचारून घेतली आणि त्याच्या बहिणीचं लग्न का मोडलं तेही काढून घेतलं. खूप दिवसांनी आम्ही सगळे एकाच गोष्टीला हसलो.

११ एप्रिल

ऊन असं की लोखंडी फाटकाला हात लावला तर कातडी तिथेच ठेवून यावी लागेल. मुलगा दिवसभर राबतो. उन्हाळ्यात गवत फार बारीक कापायचं नाही, म्हणजे त्याची सावली त्याच्याच मुळांवर पडते. मशीनचं पातं बोथट असलं की गवत कापलं जात नाही, फाटतं, आणि शेंडे पिवळे पडतात. वादळाचे दिवस यायच्या आधी छपराच्या पन्हळी साफ करायच्या, घरावर झुकलेल्या फांद्या उतरवायच्या, टाकीचं झाकण तारेनं बांधायचं, खिडक्यांच्या फळ्यांना बिजागरीत तेल सोडायचं. मी खुर्चीत बसून त्याला सांगत होते की पन्हळीत पानं आहेत. तो शिडीवरून म्हणाला, आई, म्हणूनच वर चढलोय. उंटावरून शेळ्या हाकायला उंट लागतो, मी खुर्चीवरून हाकते.

माझ्या खिडकीतून शेजारचं घर दिसतं. बंद आहे. मालक कोणी पाहिलेला नाही. कंपनीचा निरोप येतो आणि मुलगा तिथलंही गवत कापतो. गल्लीतली सगळी हिरवळ वाळून काथ्या झाली आहे, त्या घराची मात्र गर्द. मुलगा म्हणाला, मी तिथे पाणीच देत नाही आई, तिथला नळ तुटलाय. मी म्हटलं, जमिनीत ओल असेल. आणखी काय म्हणणार.

१९ एप्रिल

आज पहिलं वादळ झालं. दुपारी आभाळ तव्यासारखं काळं झालं, आणि मग जे वारं सुटलं, व्हरांड्यातली खुर्ची उठून चालायला लागली.

सकाळीच कोपऱ्यावरच्या नर्सबाई येऊन इथली रीत सांगून गेल्या होत्या. निवृत्त बाई, पण चालणं अजून वॉर्डात फेरी मारल्यासारखं. वादळात दिवे जातात, फोन मरतात, म्हणून वारं पडलं की त्या आपल्या दारातून पहिल्या घराला हाक मारतात. त्या घरातल्या मोठ्या माणसानं ओ द्यायची, ‘सगळे घरात’ म्हणायचं आणि पुढच्या घराला हाक मारायची. अशी हाक गल्लीच्या टोकाला जाते. ज्या घरातून ओ येत नाही, तिथे सगळ्यांनी धावायचं. बंद घराला मात्र नुसती हाक मारायची, एक मोठा श्वास थांबायचं, आणि त्याच्या पलीकडे बेकरीवाल्यांना हाक द्यायची. मी विचारलं, रिकाम्या घराला हाक कशाला? त्या म्हणाल्या, विसरलो नाही हे कळावं म्हणून. कोणाला कळावं, ते विचारायचं राहिलं. तेवढ्यात दूध उतू गेलं.

वारं पडलं. हाक आमच्यापर्यंत आली. मी ओ दिली, सगळे घरात. मग बंद घराला हाक मारली, थांबले, बेकरीवाल्यांना मारली. ते कानानं अधू. पुन्हा मारली. घसा सुकला. पावसाचे शिंतोडे, गुडघे दुखतायत, आणि ते गृहस्थ आपल्या व्हरांड्यात बंद घराकडे कान करून उभे, तिकडून काही आवाज यायची वाट बघत. शेवटी मी मान तिकडे वळवून बारीक आवाज काढला आणि त्या घराच्या वतीनं ओरडले, “ओ, सगळे घरात!” बेकरीवाल्यांनी लगेच हात हलवला आणि हाक पुढे गेली.

टकळी इतकी हसली की तिला उचकी लागली. झोपेपर्यंत माझ्या बारीक आवाजाची नक्कल करत फिरली.

२० एप्रिल

नर्सबाई सकाळी आल्या त्या चहालाही बसल्या नाहीत. म्हणाल्या, त्या घराची ओ कोणी दिली? मी म्हटलं, मी. काय बिघडलं?

मग त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी त्या घरात एक कुटुंब राहायचं. मोठं वादळ झालं, हाक गेली, आणि तिथून ओ आली नाही. तेव्हा आमच्या या घरात आधीचा माळी होता, बायकामुलांसकट. पाऊस कोसळत होता, त्याला घरात जायची घाई. त्यानंच त्यांच्या वतीनं ओरडून टाकलं, सगळे घरात. आणि ते होतेच सगळे घरात. छप्पर त्यांच्यावर पडलं होतं. जिवंत होते म्हणे, बराच वेळ. ओ ऐकली म्हणून कोणी बघायला गेलं नाही. पुढे छप्पर नवं घातलं, हिरवळ नवी लावली, राहायला कोणी आलं नाही.

मी विचारलं, आणि तो माळी? नर्सबाई म्हणाल्या, गेला. कुठे गेला म्हटलं तर म्हणाल्या, त्यांचं सामान नेणारी गाडी कोणी पाहिली नाही.

मी म्हटलं, बाई, मेलेल्यांना ओरडायची हौस असती तर आमच्या सासूबाईंनी एव्हाना मला झोपू दिलं नसतं. त्या हसल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, “तुम्ही त्या घराला ‘सगळे’ सांगितलंत. आता ते मोजून घेईल.”

सूनही ऐकत होती. नर्सबाई गेल्यावर मला म्हणाली, आई, तुम्हाला प्रत्येक ठिकाणी तोंड घालायलाच हवं का?  मी चहाची भांडी घासायला घेतली.

२ मे

पुन्हा वादळ. बंद घराची ताजी हिरवळ सोडली तर गल्लीत एक हिरवं पान उरलं नाही. वारं पडल्यावर हाक आली. मी रीतसर ओ दिली. टकळी माझ्या शेजारी, माझा हात धरून उभी. मग मी बंद घराला हाक मारली आणि तोंड मिटून थांबले. या वेळी अगदी नियमानं.

आतून ओ आली.

“ओ, सगळे घरात!” बारीक आवाज. माझ्या नकलेतला. टकळीचा.

मी खाली बघितलं. पोरगी माझ्याकडे बघत होती. तिचं तोंड उघडं होतं, हलत होतं, आणि त्यातून काही येत नव्हतं.

५ मे

डॉक्टरला दाखवलं. घशात काही नाही म्हणाला. पोरगी घाबरली आहे, बोलेल. मी म्हटलं, घाबरली तरी ही बोलते, झोपेतही बोलते, जन्मली तेव्हा रडायच्या आधी बोलली असेल. त्यानं मलाच झोपेची गोळी लिहून दिली.

घरात आवाज नाही. आधी मी म्हणायचे, जरा गप्प बस गं. आता भांडं पडलं तरी बरं वाटतं.

मुलगा मला दोष देत नाही. दिला असता तर बरं झालं असतं. नर्सबाईंचं सगळं थोतांड आहे म्हणतो, आणि बंद घराच्या बाजूची खिडकी फळी ठोकून बंद करतो.

९ मे

भर दुपारी टकळी सापडेना. बंद घराच्या गवतावर बसली होती, घराकडे तोंड करून. डोक्यावर ऊन आणि कपाळावर घामाचा टिपूस नाही. गवतात पाऊल टाकलं तर माझे पाय घोट्यापर्यंत गार पडले. तिला ओढून आणली. येताना मागे बघितलं. माझी पावलं गवतात उमटली होती. तिची नव्हती.

आमच्या पन्हळीत गवत उगवलंय. मुलानं मागच्या आठवड्यातच साफ केली होती. टकळीच्या पलंगाखाली फरशीच्या सांध्यातूनही उगवलंय. मी विळ्यानं कापलं. संध्याकाळी परत तेवढंच.

मी मुलाला सांगितलं, काम सोड. आजच निघू. तो म्हणाला, निघून पोरीचा आवाज इथे ठेवून जाऊ? म्हणजे त्यालाही पटलं होतं तर.

१२ मे

मुलानं कंपनीच्या किल्ल्यांच्या जुडग्यातून त्या घराची किल्ली काढली. सून नको म्हणत होती. मी बरोबर गेले. वाट मीच करून ठेवली होती, मी कशाला मागे राहू.

आत धूळ असेल, जाळी असतील असं वाटलं होतं. आत गवत होतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत, प्रत्येक खोलीत, आणि कापलेलं. माझा मुलगा एक पट्टा जाताना कापतो आणि दुसरा येताना, म्हणून त्याच्या हिरवळीवर फिकट आणि गडद असे पट्टे दिसतात. तसेच पट्टे. कडा त्याच्याच कात्रीनं छाटल्यासारख्या. तो म्हणाला, आई, हे माझं काम आहे. मी आत आलोच नाही कधी, पण हे माझंच काम आहे.

मधल्या खोलीत गवत दबलेलं होतं. माणूस झोपून उठल्यावर गादीला खड्डा राहतो, तसं. एक लांब, खांदे रुंद. त्याच्याशेजारी एक. एक वाकड्या कमरेचं, कुशीवर झोपणाऱ्याचं. माझी कंबर मी ओळखते. आणि एक लहान.

लहानाला मी हात लावला. ते ऊबदार होतं.

१३ मे

रात्रीतून निघायचं ठरलं होतं. पण टेम्पोवाला सकाळी येतो म्हणाला. आला नाही. पलीकडच्या रस्त्यावर झाड पडलंय म्हणे.

आभाळ पुन्हा काळं. मुलगा खिडक्यांच्या फळ्या बंद करतोय. सुनेनं टकळीला स्वतःच्या कमरेला बांधलंय, ओढणीनं. मी गाठ तपासली.

१३ मे, वादळानंतर

गाठ तशीच आहे. ओढणी तशीच आहे. त्यात पोरगी नाही.

सून म्हणते, वीज चमकली तेव्हा होती. वजन लागत होतं. मग वजन नव्हतं.

मुलगा धावत त्या घरात गेला. मी व्हरांड्यातून ओरडले, थांब. तेवढ्यात हाक आली. मी ओ दिली नाही. मी म्हटलं, आमच्या घरात पोरगी नाही, धावा! गल्ली धावली. नर्सबाई, बेकरीवाले, सगळे.

आत काही नाही. गवत नाही. सिमेंटची फरशी आणि धूळ, आणि धुळीत मुलाच्या चपला. पावलं चपलांपर्यंत येतात. पुढे नाहीत.

१५ मे

पोलीस येऊन गेले. मलाच विचारत होते, सुनेशी पटत होतं का, मुलगा काही बोलून गेला का. मी सांगितलं ते लिहून घेतलं नाही.

दुपारी ऊन एकदम तापलं की त्या घरातून आवाज येतात. टकळीची जीभ अखंड चालू आहे. काय बोलते ते कळत नाही, नुसती टकळी. मध्येच मुलगा हसतो. तो लहान होता तेव्हा तसा हसायचा.

सून भिंतीला कान लावून बसते. जेवत नाही. आज मी भरवलं. पहिल्यांदाच.

१८ मे

सुनेला म्हटलं, तू तुझ्या माहेरी जा. ती म्हणाली, “आई, ती दोघं तिथं सुखात आहेत, ऐका ना.”

हेच वाईट. सुखात आहेत.

कंपनीचा निरोप आला. पहिल्या तारखेपासून नवा माणूस येतोय. बायको आणि दोन मुलं. घर रिकामं करून द्या.

२१ मे

पन्हळीतलं गवत खाली लोंबतंय. माझ्या उशाशी आलंय. कापत नाही आता. कापलं की शेजारी मुलाचं मशीन चालू होतं.

नर्सबाईंना विचारलं, उपाय काय. माहीत नाही म्हणाल्या. आधीच्या माळ्याच्या बायकोनं काय केलं? त्या म्हणाल्या, तिनं शेवटी ओ दिली. कुठून, ते सांगायची गरज नव्हती.

मी ठरवलंय. खोटं मी बोलले होते. ते घर रिकामं होतं आणि मी ‘सगळे’ म्हटलं. आता आत जाऊन मीच खरं सांगते— हे घर रिकामं आहे, इथे कोणी राहत नाही. हाक आली की आतून सांगते. आणि त्याआधी आपल्या घरातून सुनेनं ओ द्यायची. एक तरी माणूस आपल्या घराचं उरलं पाहिजे. नवी माणसं येण्याआधी हे मिटलं पाहिजे.

सुनेनं मान हलवली. कान भिंतीकडेच होता.

२३ मे

दुपार. मी आत आहे. मधल्या खोलीत. वही बरोबर आणली— लिहीत राहिलं की ध्यान ठिकाणावर राहतं.

बाहेर वारं. इथे वारं नाही.

फरशी दिसत नाही. गवत आहे. लांब खड्डा भरलाय. लहान भरलाय. भरलाय म्हणजे— गवतच आहे, पण श्वास घेतंय. वर खाली. वर खाली.

टकळी, मी आलेय गं. बोल.

बोलली. कळलं नाही.

गार लागतंय. कंबर दुखायची थांबलीय. हे बरं लक्षण नाही.

वारं पडलं—

नर्सबाईंची हाक. पहिलं घर. ओ आली. दुसरं. आली. आता आमचं.

सूनबाई, दे. दे ओ.

आली. सगळे घरात.

माझा आवाज होता. आमच्या व्हरांड्यातून माझा आवाज आला आणि मी इथे, तोंड मिटून—

मग सून कुठे—

दारात चपला वाजल्या. काढून ठेवल्या. अनवाणी येतेय. गवतातून. हसतेय.

आता या घराला हाक येतेय. माझाच आवाज हाक मारतोय. मला सांगायचंय, घर रिकामं आहे— तोंड उघडतेय— काही येत नाही. काहीच—

सूनबाई, वही बघ. इकडे बघ. त्यांच्याकडे नको, वहीत बघ. मागे फिर. तोंड उघडू नकोस. ही ओ तुझी नाही. माझी आहे, मीच द्यायची, मी देईपर्यंत कोणी— तू नाही— तू गप्प रा